जोडधंद्याचा एक मार्ग : शेजारच्या दुकानदाराची वेबसाईट



रोश हशाना जवळ आला की आमच्या वस्तीतील एका मावशींच्या घरचा फोन थांबत नाही. चिकाचा हलवा त्यांच्यासारखा क्वचितच कोणाला जमत असेल. "मावशी, दोन किलो ठेवा", "मावशी, किती दिवस आधी सांगू?", "मावशी, गेल्या वर्षीचा भाव काय होता?" एका हाताने कढईत ढवळायचे आणि दुसऱ्या हाताने फोन धरायचा, असे त्यांचे दोन आठवडे जातात. परंतु गंमत अशी की हे सर्व फोन आपल्याच माणसांचे असतात. मुंबई, पेण किंवा अलिबागची आठवण काढणारी ही मंडळी एकमेकांकडून नंबर घेतात. ज्यांचे लग्न बेने इस्राएल घरात झाले आहे अशा मोरोक्कन किंवा रशियन सुनांना व जावयांना हा हलवा हवा असतो, पण तो कोठे मिळेल हे त्यांना कळत नाही. ते मोबाईलवर हिब्रूत 'हलवा' असे शोधतात आणि त्यांना तिळाची हलवा विकणाऱ्यांची रांग दिसते.

दुकान आहे, माल आहे, गिऱ्हाईकही आहे, आणि तरी दोघांची गाठ पडत नाही. अशी गाठ घालून देण्याचे काम म्हणजे आजच्या पाठाचा विषय. लहान धंद्यांसाठी वेबसाईट तयार करून देणे व ती सांभाळणे हा नोकरी करता करता, किंवा निवृत्तीनंतर, चार पैसे मिळवण्याचा प्रामाणिक मार्ग आहे. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. मात्र हे काम केवळ संगणकाचे नाही. अर्धे काम माणसांशी बोलण्याचे आणि उरलेल्यातील बरेचसे कागदपत्रांचे असते. त्यामुळे संगणकाबद्दल येथे मी थोडेच लिहिणार आहे.

प्रथम कोणाला विकावे आणि कोणाला विकू नये, हे पाहू. आपल्या तरुणांची पहिली चूक अशी होते की ते बाजारात शिरून ओळीने प्रत्येक दुकानात विचारत सुटतात. कोपऱ्यावरच्या फलाफलवाल्याला वेबसाईट नको असते. त्याचे गिऱ्हाईक वास आला म्हणून आत येते. त्याला गूगलच्या नकाशावर आपले दुकान, वेळा आणि दोन चांगले फोटो असले म्हणजे झाले. ही नोंद फुकट होते. ती त्याला एका बैठकीत करून द्या आणि पैसे मागू नका. तोच पुढे आपल्या मेव्हण्याला तुमच्याकडे पाठवील.

ज्या धंद्यात गिऱ्हाईक पैसे देण्यापूर्वी विचार करते, दोघातिघांची तुलना करते, त्या धंद्याला वेबसाईट उपयोगी पडते. लग्नाचे जेवण देणारा, मेंदी काढणारी, मोटार शिकवणारा मोरे, घरी गणित शिकवणारी बाई, वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारा, मलिद्याचे ताट मांडून देणारे जोडपे ही अशी माणसे आहेत. मी एक साधा प्रश्न विचारतो : "तुमची शेवटची दहा गिऱ्हाइके तुमच्याकडे कशी आली?" दहाही जण ओळखीने आले आणि हातात काम पुरेसे असेल, तर मी चहा पिऊन परत येतो. "लोक फोन करतात, पण तेच तेच विचारतात आणि मग येत नाहीत" असे उत्तर मिळाले, की वही काढावी.

घरातून धंदा करणाऱ्या बायकांना आपला पत्ता सर्वांना दिसेल याची भीती वाटते. ती योग्यच आहे. गूगलच्या नोंदीत पत्ता झाकून केवळ कोणकोणत्या गावांत सेवा देता एवढेच दाखवता येते, हे त्यांना सांगावे.

आता गिऱ्हाईक शोधण्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. गावातील सर्व दुकानांचे ई-मेल व मोबाईल नंबर गोळा करून सर्वांना एकदम जाहिरात पाठवण्याचा मोह कोणालाही होईल. तसे करू नये. आपल्या येथे दळणवळण कायद्याचे कलम ३० अ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. संमतीवाचून ई-मेल किंवा एस. एम. एस. ने जाहिरात पाठवली, तर नुकसान सिद्ध न करताही प्रत्येक संदेशामागे १,००० शेकेलपर्यंत भरपाई मिळू शकते. "तुम्हांला माहिती पाठवू का?" एवढे विचारण्यासाठी धंदेवाल्याला एकदा लिहिण्याची मुभा कायद्यात आहे, पण एकदाच. मी तर म्हणतो, पायी जावे. सकाळी दहाच्या सुमारास दुकानदार मोकळा असतो. शुक्रवारी चुकूनही जाऊ नये.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. त्याच्या धंद्याचे नाव मोबाईलवर शोधून काय दिसते ते आधी पाहावे व ते त्याला दाखवावे. एका न्हाव्याला मी दाखवले की नकाशावर त्याचे दुकान शब्बाथच्या दिवशी उघडे असल्याचे दिसते. तो माणूस किप्पा घालणारा होता. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ती चूक मी तेथेच उभ्याउभ्या दुरुस्त केली, आणि वेबसाईटचे बोलणे त्यानेच काढले.

संगणकाच्या बाजूने सांगायचे तर साधने पुष्कळ आहेत. २००६ साली तेल अवीवमध्ये सुरू झालेली विक्स ही आपल्याच देशातील कंपनी आहे. तिच्या पद्धतीत चित्रे व मजकूर उचलून जागेवर ठेवता येतात. २००३ पासून चालत आलेले वर्डप्रेस शिकायला थोडा अधिक वेळ लागतो, पण ते कोणा एका कंपनीला बांधलेले नाही. दोन्हींत हिब्रू चालते. नवशिक्याने एक निवडावे आणि त्यात तीन वेबसाईट पुऱ्या कराव्यात. साधने बदलत बसणाऱ्याचे एकही काम पुरे होत नाही.

हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, आणि मराठी वाचणाऱ्या आपल्या डोळ्यांना या बाबतीत चुका लवकर दिसत नाहीत. विशेषतः आकड्यांनी घोटाळा होतो. अधिकचे चिन्ह लावून, मध्ये जागा सोडून लिहिलेला ९७२ ने सुरू होणारा फोन नंबर हिब्रू ओळीत टाकला, की त्याचे गट उलट क्रमाने दिसतात आणि अधिकचे चिन्ह भलत्या टोकाला जाते. तेवढ्या आकड्यांना डावीकडून उजवीकडे अशी वेगळी दिशा द्यावी लागते. उघडण्याच्या व बंद होण्याच्या वेळांचेही तसेच. '८ ते १९' लिहिलेले एखाद्याला '१९ ते ८' वाचता येईल. म्हणून मी 'सकाळी ८ पासून संध्याकाळी ७ पर्यंत' असे हिब्रू शब्दांत लिहितो. वेबसाईट पुरी झाली, की हिब्रू ज्याची मातृभाषा आहे अशा एखाद्या मुलाकडून वाचून घ्यावी. आपल्या नातवंडांइतके कडक परीक्षक दुसरे नाहीत.

शब्दांचाही विचार करावा. पुरणपोळी, बिरडे, करंजी हे शब्द हिब्रूत प्रत्येक जण निराळ्या अक्षरांनी लिहितो, कारण स्वर लिहिले जात नाहीत. दोनतीन प्रकारची अक्षरे मजकुरात यावीत. मावशींच्या पानावर आम्ही 'बेने इस्राएलांचा रोश हशानाचा हिंदी हलवा, नारळाच्या दुधातला' असे सविस्तर लिहिले. नुसते 'हलवा' लिहिले असते तर त्या तिळाच्या गर्दीत हरवल्या असत्या.

खाण्याच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास गिऱ्हाईक अडचणीत येईल आणि दोष तुमच्याकडे येईल. आपल्या घरात सर्व काही कशेर असते, म्हणून वेबसाईटवर मोठ्या अक्षरांत 'कशेर' लिहावे असे प्रत्येक मावशीला वाटते. परंतु कश्रूतमधील फसवणुकीस मनाई करणारा १९८३ चा कायदा असे सांगतो, की तेउदत कश्रूत मिळाल्यावाचून खाद्यपदार्थांच्या धंद्याने आपण कशेर असल्याचे लेखी सांगू नये. वेबसाईट हे लेखीच आहे. आपण घरी कितीही काटेकोर असलो तरी कागद नसेल तर तो शब्द घालू नये. कागद असेल तर त्याचे छायाचित्र लावावे आणि त्यावरील मुदतीची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी, कारण मुदत संपलेला कागद पानावर राहणे हे नसण्यापेक्षा वाईट. त्याचप्रमाणे स्वयंपाकघराचे सुंदर फोटो लावण्यापूर्वी धंद्याच्या परवान्याचे काय, हे विचारावे. विचारताना मावशी रागावतात. रागावू द्यावे.

अपंगांना वापरता येईल अशी वेबसाईट असणे हाही येथे कायद्याचा विषय आहे. समान हक्कांच्या १९९८ च्या कायद्याखाली २०१३ साली नियम झाले, आणि त्यांत इस्राएली मानक ५५६८ पाळण्यास सांगितले आहे. लहान उलाढालीच्या धंद्यांना सवलती आहेत, तेव्हा गिऱ्हाइकाने आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावे. मात्र सवलत असली तरी काम नीट करण्यास काय हरकत आहे? प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन द्यावे, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांचे यंत्र ते वाचून दाखवते. अक्षर मोठे व गडद असावे. सर्व बटणे माऊसवाचून, केवळ कळफलकाने चालावीत. कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेले तयार बटण लावले म्हणजे काम झाले, असे विक्रेते सांगतात. ते खरे नाही. मूळ पान वाईट असेल तर ते बटण फारसे काही करू शकत नाही. माझी कसोटी सोपी आहे : सिनेगॉगमधील ऐंशी वर्षांच्या एका काकांच्या हातात मोबाईल द्यायचा आणि "फोन नंबर शोधा" असे सांगायचे. चष्मा शोधण्याआधी नंबर सापडला तर पान चांगले.

आता मालकीबद्दल. येथे मी माझी स्वतःची चूक सांगणार आहे, कारण ती फार महाग पडली.

माझे दुसरे की तिसरे काम आमच्या नात्यातील एका काकांचे होते. ते लग्न-मेंदीच्या जेवणाची कामे घेत. त्यांना संगणकाचा कंटाळा, म्हणून वेबसाईटचा पत्ता मी माझ्याच नावावर, माझ्याच कार्डावर नोंदवला. "काका, तुम्ही काळजी करू नका" असे वर सांगितले. काही वर्षांनी बँकेने माझे कार्ड बदलले. नूतनीकरणाचे पत्र मी वापरणे सोडून दिलेल्या ई-मेलवर गेले. पेसाखच्या आधीच्या आठवड्यात काकांची वेबसाईट बंद पडली. मला ते तीन दिवसांनी कळले. ते सुद्धा काकांनी सांगितले नाही, त्यांच्या मुलीने सांगितले. पैसे भरून पत्ता परत सुरू झाला, पण त्या तीन दिवसांत कोण आले आणि परत गेले याचा हिशेब कोणी द्यावा? त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. काकांना दुसऱ्या माणसाकडून काम करून घ्यायचे होते, आणि कागदोपत्री त्यांच्या धंद्याच्या नावाचा मालक मी होतो. पत्ता त्यांच्या नावावर करून देईपर्यंत त्यांना असे वाटत राहिले की मी मुद्दाम अडवतो आहे. तसे नव्हते, पण तसे दिसत होते. पुढे एका लग्नात ते माझ्या समोरच्या टेबलावर बसले होते आणि संपूर्ण संध्याकाळ माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. आता बोलतात. पण पूर्वीसारखे नाही.

म्हणून माझा नियम असा झाला आहे. शेवटी '.को.आय.एल' असलेला पत्ता असो की '.कॉम', तो पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्या कार्डावर आणि त्याच्या ई-मेलवर नोंदवायचा. आपल्या देशाच्या '.आय.एल' पत्त्यांची मुख्य नोंदवही इस्राएल इंटरनेट असोसिएशनकडे असते आणि नोंदणी मान्यताप्राप्त नोंदणीदारांमार्फत होते. मालक म्हणून कोणाचे नाव लागले आहे ते नोंदणीच्या दिवशीच गिऱ्हाइकाला पडद्यावर दाखवावे. सर्व परवलीचे शब्द कागदावर लिहून पाकिटात घालून द्यावेत. काही जण म्हणतील की मग गिऱ्हाईक आपल्याला सोडून जाईल. जाऊ शकेल अशी सोय आहे म्हणूनच माझी बहुतेक गिऱ्हाइके राहिली, असा माझा अनुभव आहे. मुदतीची तारीख मात्र आपल्या वहीतही असावी.

पैशाबद्दल आपली माणसे बोलायला लाजतात. "तुम्हांला काय द्यायचे ते द्या" असे म्हणणाऱ्याला खरोखरच काहीतरीच मिळते. हिशेब असा करावा. समजा, पाच पानांच्या वेबसाईटला भेटी, फोटो, मजकूर व दुरुस्त्या धरून पंचवीस तास लागले आणि तुम्ही ८०० शेकेल घेतले. म्हणजे तासाला ३२ शेकेल झाले. एप्रिल २०२५ मध्ये ठरलेले किमान वेतनच तासाला ३४.३२ शेकेल होते. त्यापेक्षा कमी मिळवून, वर रात्री जागून, आपण धंदा केला असे म्हणता येत नाही. तेच काम २,००० ला केले तर तासाला ८० पडतात. नवशिक्याला तासांचा अंदाज येत नाही. तो जेवढे तास म्हणतो त्याच्या दुप्पट लागतात. म्हणून पहिल्या तीन कामांत प्रत्येक तास लिहून ठेवावा, मग भाव ठरवावा.

वरकमाई टिकते ती सांभाळण्याच्या कामावर. सणांच्या वेळा बदलणे, नवे फोटो, भाव बदलणे, बिघाड पाहणे यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम घ्यावी. दहा गिऱ्हाइकांकडून महिन्याला शंभर शंभर शेकेल आले तर ते हजार शेकेल नव्या कामाची वाट न पाहता येतात. पण त्यात काय येते आणि काय येत नाही हे लिहून द्यावे, नाही तर त्या शंभरात मुलाच्या बार मिट्झवाची पत्रिकाही करून मागतात. अर्धे पैसे आधी आणि अर्धे पान सुरू होण्यापूर्वी घ्यावेत. मोठे दुकानदार 'शोतेफ प्लुस' म्हणून महिने लोटतात. एकट्या माणसाने त्या भानगडीत पडू नये. नात्यातील माणसाचाही कागद करावा. किंबहुना त्याचा आधी करावा.

पहिला शेकेल घेण्यापूर्वी नोंदणी करावी. लहान धंद्यासाठी 'ओसेक पातूर' हा प्रकार आहे. २०२४ व २०२५ साली त्याची वार्षिक मर्यादा १,२०,००० शेकेल होती. चालू वर्षाचा आकडा विचारून घ्यावा. पातूर माणूस मआम लावत नाही, तसेच खर्चावर भरलेला मआम त्याला परतही मिळत नाही. १ जानेवारी २०२५ पासून मआम १७ वरून १८ टक्के झाला, तेव्हा हा फरक लहान नाही. पातूर माणसाने काबाला द्यावी. त्याला हेश्बोनित मास देता येत नाही. मआमच्या कचेरीबरोबर मास हखनासा व बितुआख लेऊमी येथेही कळवावे लागते. नोकरी करणाऱ्याने दोन्हीकडील कराचा मेळ घालून घ्यावा, आणि नोकरीच्या करारात बाहेरचे काम करण्यास मनाई आहे काय ते वाचावे.

आपल्या वडील मंडळींसाठी विशेष सांगावेसे वाटते. निवृत्तीच्या वयापासून सत्तर वर्षांपर्यंत म्हातारपणाच्या भत्त्यासाठी कामाची मिळकत पाहिली जाते. सत्तरीनंतर पाहत नाहीत. पण ज्यांना हश्लामत हखनासा मिळते त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या रकमेवर सत्तरीनंतरही मिळकतीचा परिणाम होतो. बेकारभत्ता घेणाऱ्यांनीही असेच सावध असावे. "रोख घेतले तर कोणाला कळते?" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मागाहून परत मागितलेली रक्कम भरण्यास ते येत नाहीत.

शेवटी शब्बाथचा प्रश्न. मावशींचे पान सुरू करताना त्यांनी विचारले, "मी शब्बाथला चूल पेटवत नाही, मग माझ्या पानावर शनिवारी कोणी पैसे भरले तर?" मला उत्तर सुचेना. कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. पण हा घाणा रात्रंदिवस आपोआप फिरणारा. न्यू यॉर्कचे बी अँड एच हे कॅमेऱ्यांचे मोठे दुकान शब्बाथला वेबसाईटवर मागण्या घेत नाही, माल मात्र पाहू देते, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी आपल्या रब्बींना विचारले आणि तसेच करायचे ठरवले. आता शुक्रवारी मेणबत्त्यांच्या वेळेपूर्वी मागणीचे बटण आपोआप झाकले जाते आणि त्या जागी 'शब्बाथ शालोम, मोत्साए शब्बाथला भेटू' असे येते. वेळ गावागणिक व आठवड्यागणिक बदलते, म्हणून ती दिनदर्शिकेशी जोडावी लागली. त्यात माझे सहा तास गेले, आणि ते मी बिलात लावले. मावशींनी पैसे दिले, वर अर्धा किलो हलवा दिला. दुसरा एक गिऱ्हाईक मात्र म्हणाला की बटण राहू दे, मी रविवारी पाहीन. त्याचे बटण तसेच आहे. हा प्रश्न आपण ठरवू नये, पण पान सुरू होण्यापूर्वी विचारल्यावाचूनही राहू नये.